विश्वास पानिपतात गेला : मराठीतील विश्वास-संशयाच्या शब्दांची कुळकथा

'विश्वास? तो तर पानिपतातच गेला!' हे वाक्य कधी ऐकले नाही असा मराठी माणूस विरळा. उधारी मागणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानदार ते ऐकवतो, निवडणुकीच्या दिवसांत ते पारावर ऐकू येते, आणि 'माझ्यावर विश्वास नाही का?' असे विचारणाऱ्या मित्रालाही हेच उत्तर मिळते. वाक्य हसत हसत उच्चारले जाते. पण त्या हसण्याच्या तळाशी एका अठरा-एकोणीस वर्षांच्या तरुणाचा मृत्यू आहे, याची जाणीव बोलणाऱ्याला असतेच असे नाही. नानासाहेब पेशव्यांचे थोरले चिरंजीव विश्वासराव १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतच्या रणांगणावर गोळी लागून पडले. 'विश्वास' हे विशेषनाम आणि 'विश्वास' हे भाववाचक नाम यांच्यावरचा श्लेष मराठी लोकांनी पुढे असा काही पक्का केला की, एका राजपुत्राचे मरण हे एका मूल्याचे मरण ठरले.

विश्वास आणि संशय यांच्याभोवती मराठीत किती शब्द, किती वाक्प्रचार गोळा झाले आहेत, ते कुठून आले, आणि त्यांच्या उगमाविषयी सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींपैकी कोणत्या स्वीकारायच्या, याचा थोडा विचार या लेखात करावयाचा आहे. हा विषय निव्वळ शब्दकोशाचा नाही. वाक्प्रचाराची जन्मकथा ही आपल्या वर्गांत सर्वांत आवडीने ऐकली जाणारी आणि सर्वांत कमी तपासली जाणारी गोष्ट असते. तेव्हा विश्वासाच्या शब्दांबद्दल बोलताना आपण त्या कथांवर विश्वास कसा ठेवतो, हेही पाहिले पाहिजे.

त्यासाठी एक साधन न्यायालयातून उसने घेता येईल. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याने वस्तुस्थितीच्या तीन अवस्था मानल्या : शाबीत झालेली, नाशाबीत झालेली आणि शाबीत न झालेली. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष अधिनियमाने घेतली, तरी ही त्रिविध विभागणी टिकून आहे. तिसरी अवस्था विशेष महत्त्वाची. एखादी गोष्ट खोटी ठरली नाही म्हणून ती खरी ठरत नाही, आणि खरी ठरली नाही म्हणून ती खोटीही नसते. व्युत्पत्तीच्या प्रांतात बहुसंख्य कथा या तिसऱ्या खान्यात पडतात. विश्वासरावांवरील श्लेष मात्र निःसंशय पहिल्या खान्यातला. त्याचा पुरावा त्या वाक्यातच आहे.

शब्दांची घराणी

प्रथम शब्द पाहू. 'विश्वास' हा 'वि' उपसर्ग आणि 'श्वस्' धातू यांपासून झालेला. श्वास, निःश्वास, आश्वासन, आश्वस्त ही सारी त्याची भावंडे. ज्याच्या सहवासात श्वास मोकळा होतो त्याच्यावर विश्वास, असा शरीराच्या अनुभवातून आलेला अर्थ त्यात आहे. 'श्रद्धा' ही 'श्रत्' आणि 'धा' यांची जोडणी. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात श्रद्धेला उद्देशून स्वतंत्र सूक्त आहे, इतका हा शब्द जुना. तौलनिक भाषाशास्त्राने लॅटिनमधील 'क्रेडो' हा त्याचा सगोत्र ठरवला आहे. म्हणजे ज्या धातुकुळातून आपली श्रद्धा आली त्याच कुळातून युरोपात 'क्रेडिट' आले. बँकेच्या दारातले क्रेडिट कार्ड आणि देवघरातली श्रद्धा या हजारो वर्षांपूर्वी ताटातूट झालेल्या बहिणी आहेत.

'संशय' या शब्दाचे घराणे आणखी गमतीचे. 'सम्' आणि 'शी' हे त्याचे घटक. 'शी' म्हणजे पडून राहणे, निजणे. शय्या, शयन, आशय हे त्याच धातूचे. इंग्रजी 'डाउट'च्या मुळाशी लॅटिनमधील दोनपणाची कल्पना आहे. जर्मन 'त्स्वायफेल'मध्येही दोन हा आकडाच बसला आहे. आपल्याकडे 'द्विधा', 'दुविधा', 'दुमत' हे शब्द त्याच रीतीने झाले. 'संशय' मात्र दोन वाटांचे चित्र काढत नाही. निर्णय न होता मन एका जागी पडून राहिले आहे, अशी स्थिती तो सुचवतो. ही स्थिती भारतीय परंपरेने सरसकट निंद्य मानली नाही, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. गीतेने संशयात्म्याला विनाशाचा इशारा दिला आहे हे खरे. पण गौतमाच्या न्यायदर्शनात सोळा पदार्थांमध्ये संशयाला तिसरे स्थान आहे, प्रमाण आणि प्रमेय यांच्या लगेच नंतरचे. संशय नसेल तर चौकशीला प्रारंभच होत नाही, अशी ती भूमिका. एकाच संस्कृतीत संशयाला पाप मानणारा आणि संशयाला ज्ञानाची पायरी मानणारा असे दोन प्रवाह शेजारी वाहत होते, आणि मराठी माणसाने दोन्हींचे पाणी प्यायले आहे.

तिसरे घराणे अरबी-फारसीचे. दरबार, वसूल आणि न्याय यांच्या वाटेने ते मराठीत शिरले आणि इथलेच झाले. 'खात्री' ही मूळ अरबी 'खातिर'. तिचा अर्थ मन. 'खातरजमा' म्हणजे गोळा झालेले, विखुरलेपण संपलेले मन. पेशवाईतील पत्रांतून हा शब्द जागोजागी भेटतो. 'इमान' हा सुरक्षिततेचा अर्थ असलेल्या अरबी धातूचा. 'अमानत' त्याच धातूची, आणि आपली 'अनामत' म्हणजे वर्णांची अदलाबदल झालेली ही 'अमानत'च. निवडणुकीत उमेदवाराची अनामत जप्त होते तेव्हा व्युत्पत्तीच्या दृष्टीने त्याचे इमानच ठेव म्हणून जप्त झालेले असते! 'कौल' म्हणजे अरबीत उच्चारलेला शब्द. रयतेला जमीन कसण्यासाठी अभय देणारा तो कौलनामा. कोकणातल्या देवळांत पाकळ्या चिकटवून देवाकडे मागतात तोही कौल. आणि मतमोजणीच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत मथळ्यात येतो तोही कौलच. सरकारने द्यायचा शब्द देवाकडे गेला आणि तेथून जनतेकडे आला, असा या शब्दाचा प्रवास आहे. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशाने दरबारातल्या यावनी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. पण खात्री, इमान आणि कौल यांना मराठी मनातून कोणी हलवू शकले नाही. ज्या शब्दांवर माणसे एकमेकांशी व्यवहार करतात ते शब्द आज्ञेने बदलत नाहीत.

याच घराण्यातला 'फितूर'. अरबीत त्याचा अर्थ शैथिल्य, ढिलेपणा. मराठीत तो थेट आतून झालेल्या दगाबाजीपर्यंत पोचला. कर्जत-नेरळच्या पट्ट्यात हा शब्द अजून जड आहे. माथेरानचे भाई कोतवाल आणि त्यांचे सहकारी हिराजी पाटील २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या परिसरात पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. विजेचे मनोरे पाडणाऱ्या त्यांच्या आझाद दस्त्याची कथा या भागात सांगितली जाते तेव्हा ती 'फितुरी' या शब्दाशिवाय पुरी होत नाही. शैथिल्यापासून फितुरीपर्यंतचे हे अर्थांतर कोशात एका ओळीत मावते. गावात त्याला पिढ्या लागतात.

पाल, पाणी आणि म्हैस

राजकारणाचे हे शब्द बाजूला ठेवून घरात आणि शेतात आलो की विश्वास-संशयाची भाषा एकदम प्राणी आणि पाणी यांच्या आश्रयाला जाते. 'मनात शंकेची पाल चुकचुकली' हा वाक्प्रचार पाहा. पालीच्या चुकचुकण्याला शकुनशास्त्रात स्थान आहे. पंचांगांतून पल्लीपतनाची, म्हणजे अंगावर पाल पडण्याच्या फळांची, कोष्टके छापली जात आली. मौज अशी की, बंगालीत हीच पाल कोणाच्या बोलण्याच्या शेवटी आवाज करू लागली की 'ठीक ठीक' म्हणून त्याच्या म्हणण्याला दुजोरा देते. मराठीतली पाल शंका काढते, बंगालमधली ग्वाही देते. प्राणी तोच आणि ध्वनी तोच. अर्थ मात्र ऐकणाऱ्या समाजाने भरला.

'यात कुठेतरी पाणी मुरते आहे' हा दुसरा. हिंदीच्या संपर्कातून 'डाळीत काहीतरी काळे' आता मराठीतही बोलले जाते. पण पाणी मुरण्याची प्रतिमा अधिक सूक्ष्म आहे. डाळीतले काळे दिसते तरी. मुरणारे पाणी दिसत नाही. दिसते ती फक्त घट. खालापूर-कर्जतच्या भातशेतीत ज्याने श्रावणात खाचराच्या बांधाला पडलेले खेकड्याचे बीळ शोधले आहे, त्याला या वाक्प्रचाराचे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही. वरून बांध धड असतो, पाऊसही भरपूर पडलेला असतो, आणि तरी सकाळी खाचर रिकामे असते. हिशेबात, संस्थेत किंवा नात्यात नेमके असेच घडते तेव्हा मराठी माणूस पाण्याची आठवण काढतो. हा वाक्प्रचार अमुक गावात अमुक वर्षी जन्मला असे कोणी सांगू लागले तर ते मानण्याचे कारण नाही. जिथे जिथे बांध आहेत तिथे तिथे तो सुचण्यासारखा आहे.

'भरवशाच्या म्हशीला टोणगा' ही म्हण दुधावर जगणाऱ्या घरातली. जिच्या पोटी पारडी होईल अशी खात्री बाळगावी तिने नेमका रेडकू द्यावा! या म्हणीत भौगोलिक मौजही दडली आहे. कोकणच्या चिखलणीत रेडा औताला जुंपला जातो. म्हणजे भातखाचरांच्या प्रदेशात टोणगा सर्वस्वी निरुपयोगी नव्हे. तरीही म्हण इथे तशीच चालते. म्हणीचा हिशेब दुधाचा आहे, आणि म्हण एकदा रूढ झाली की स्थानिक हिशेब तिला बदलता येत नाही.

मिठाचे उदाहरण याहून बोलके. ऐकलेल्या गोष्टीवर पूर्ण विश्वास ठेवू नये, या अर्थी इंग्रजीत ती 'चिमूटभर मिठासह' घ्यावी असे म्हणतात. त्याचा संबंध थोरल्या प्लिनीने नोंदवलेल्या, मिथ्रिडेटीस राजाच्या विषावरील उताऱ्याच्या कृतीशी जोडला जातो. त्या कृतीत मिठाचा खडा घालण्याची सूचना आहे एवढे खरे; पण औषधातील मिठापासून अविश्वासाच्या अर्थापर्यंतचा दुवा शाबीत झालेला नाही. आपल्याकडे मीठ नेमके उलट्या बाजूला उभे आहे. खाल्ल्या मिठाला जागणे म्हणजे निष्ठा, आणि निमकहराम म्हणजे निष्ठा मोडणारा. पेण-उरणच्या मिठागरांच्या जिल्ह्यात एखाद्याने 'तुमचे म्हणणे मी चिमूटभर मिठासह घेतो' असे शब्दशः भाषांतर केले, तर ऐकणारा त्याला आपला इमानी समजायचा! अनुवाद शिकवताना हे एक उदाहरण पुरेसे आहे.

भाऊसाहेबांचे प्रेत आणि बोरघाटातला तोतया

आता पुन्हा पानिपताकडे वळू; कारण विश्वासाचा वाक्प्रचार जिथे जन्मला तिथेच संशयाची एक मोठी कथाही जन्मली. काशीराज पंडिताने फारसीत लिहिलेल्या वृत्तांतानुसार विश्वासरावांचा देह ओळखला गेला, अब्दालीच्या छावणीत लोकांनी तो पाहिला. सदाशिवरावभाऊंच्या बाबतीत तसे झाले नाही. दुसऱ्या दिवशी सापडलेल्या, शिर नसलेल्या देहावरील खुणांवरून तो भाऊंचा असे ठरवले गेले. ही ओळख उत्तरेत झाली. पुण्यात पोचली ती तिची वार्ता. पहिले मरण निश्चित होते आणि दुसरे केवळ सांगितले गेले होते. या फटीतून पुढची पंधरा वर्षे संशय वाहत राहिला. भाऊंच्या पत्नी, पेणच्या कोल्हटकर घराण्यातल्या पार्वतीबाई, यांनी वैधव्य स्वीकारले नाही. १७८३ मध्ये त्यांचा अंत झाला तोवर त्या सौभाग्यचिन्हांसह राहिल्या. त्यांच्या या वागण्याला श्रद्धा म्हणायचे, आशा म्हणायचे की पुराव्याचा आग्रह म्हणायचे, हे ठरवणे वाटते तितके सोपे नाही. ज्याचे शिर कोणी दाखवले नाही त्याच्या मृत्यूवर त्यांनी शिक्का मारला नाही, एवढे म्हणता येईल.

याच फटीतून तोतया आला. सुखनिधान नावाचा हा कनोजा ब्राह्मण आपण भाऊसाहेब असल्याचे सांगू लागला, पकडला गेला, आणि पुढे रत्नागिरीच्या किल्ल्यात कैदेत पडला. १७७६ मध्ये तेथील मामलेदार रामचंद्र नाईक परांजपे याच्या पाठबळाने तो बाहेर पडला आणि पाहता पाहता कोकणचा मोठा भाग त्याच्या हाती गेला. माणसे त्याच्यामागे का गेली, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. नारायणरावांचा खून झालेला, गादीवर दोन वर्षांचे सवाई माधवराव, राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयाला, आणि कारभार बारभाईंच्या हाती. अशा वेळी भाऊसाहेब परत यावेत असे पुष्कळांना वाटत होते, आणि ज्याचे येणे हवे असते त्याची ओळख फार कसून घेतली जात नाही. काहींना तो भाऊ नाही हे ठाऊकही असेल. पण त्याला भाऊ मानणे त्यांच्या सोयीचे होते. विश्वास आणि सोय यांतली सीमारेषा किती पुसट असते हे या बंडाने दाखवले.

या कथेतला निर्णायक प्रसंग आपल्याच डोंगरात घडला. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरने तो नोंदवला आहे. कोकण जिंकत तोतया बोरघाटापाशी आला. घाटात रोखलेल्या तोफांनी त्याला काही काळ अडवले. मागून हल्ला करून त्याने तोफखाना हटवला आणि तो राजमाचीपाशी पोचला. तेथे त्याच्यापुढे शरणागतीची बोलणी मांडण्यात आली. सारे पुणे आपल्या बाजूचे आहे असे त्याला भासवले गेले, कारभाऱ्यांकडून नम्रतेचे निरोप येत राहिले, आणि तो पुरता गाफील झाल्यावर पुण्याच्या दोन सरदारांनी निवडक फौजेनिशी अचानक चालून जाऊन त्याला कोकणात पिटाळले. पुढे तो कुलाब्याकडे पळाला, आंग्र्यांच्या हाती सापडला, आणि डिसेंबर १७७६ मध्ये पुण्यात त्याला देहदंड झाला. ज्याने खोट्या ओळखीवर लोकांचा विश्वास मिळवला, त्याचा घात खोट्या शब्दावर ठेवलेल्या विश्वासानेच झाला. या बंडाचा मोड करणाऱ्या कारभाराचे सूत्रधार नाना फडणीस स्वतः पानिपतातून जीव वाचवून परतलेले होते. घाटाच्या पायथ्याशी खोपोलीला त्यांनी बांधलेला तलाव आणि महादेवाचे देऊळ आजही आहे. तलावाकाठी बसणाऱ्यांपैकी किती जणांना वरच्या कड्यावरची ही कथा ठाऊक असते, हा वेगळा प्रश्न.

साहित्यात ही कथा न. चिं. केळकरांच्या 'तोतयाचे बंड' या नाटकाने स्थिर केली. बोलीत आणि वर्तमानपत्रांत 'तोतया पोलीस', 'तोतया डॉक्टर', 'तोतया अधिकारी' या रूपांत तो शब्द रोज भेटतो. संशयाला मराठी रंगभूमीने दिलेली दुसरी देणगी म्हणजे गो. ब. देवलांचे 'संशयकल्लोळ'. १९१६ मध्ये संगीत रूपात रंगमंचावर आलेल्या या नाटकाची वंशावळ मोलियरपर्यंत जाते. मधला दुवा आर्थर मर्फी याच्या 'ऑल इन द राँग' या इंग्रजी प्रहसनाचा. ते प्रहसन लंडनच्या रंगभूमीवर आले ते साल १७६१, पानिपताचेच! योगायोगाला अर्थ नसतो, तरी तो लक्षात राहतो. 'संशयकल्लोळ' हा शब्द आता नाटकाचे नाव न आठवताही वापरला जातो, आणि शंकेखोर नवऱ्याला 'फाल्गुनराव' म्हणणारी पिढी अजून पूर्ण सरलेली नाही.

कोणती कथा मानायची?

तोतयाची ओळख जशी तपासावी लागली तशीच वाक्प्रचारांच्या कथांची तपासावी लागते. 'संक्रांत कोसळणे' हा वाक्प्रचार पानिपतातून आला, कारण ती लढाई संक्रांतीला झाली, असे अनेकदा सांगितले जाते. १४ जानेवारी ही तारीख पाहून ते पटतेही. पण मकरसंक्रांत इंग्रजी तारखेला बांधलेली नाही. साधारण सत्तर-बहात्तर वर्षांनी ती एका दिवसाने पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि तो दिवस मकरसंक्रांतीचा होता. त्याच्याही शंभर वर्षे आधी, १७६१ मध्ये, संक्रांत त्याहून अलीकडच्या तारखेला, म्हणजे लढाईपूर्वीच, होऊन गेलेली होती. लढाईच्या दिवशीची तिथी पौष शुद्ध अष्टमी होती. तेव्हा 'लढाई संक्रांतीच्या दिवशी झाली' हा या कथेचा पाया नाशाबीत ठरतो. त्या वाक्प्रचाराचे मूळ शोधायला फार लांब जावे लागत नाही. पंचांगात दरवर्षी संक्रांतिदेवीचे वाहन, वस्त्र, शस्त्र, तिची जाण्याची आणि पाहण्याची दिशा दिलेली असते, आणि ती जिकडे पाहते तिकडे अरिष्ट, अशी समजूत आहे. देवीच्या नजरेखाली येणे म्हणजे संक्रांत येणे, हा अर्थ लढाईशिवायही पुरता लागतो.

'ध चा मा करणे' हे तिसऱ्या खान्याचे उदाहरण. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला, ही घटना शाबीत आहे. राघोबादादांच्या हुकुमातील 'धरावे' या शब्दाचे आनंदीबाईंनी 'मारावे' केले, ही कथा मात्र परंपरेने सांगितलेली आहे. वाक्प्रचार या कथेतून आला यात शंका नाही. पण वाक्प्रचार कथेतून आला म्हणून कथा घडली असे ठरत नाही. आमच्या मते साहित्याच्या विद्यार्थ्याने आत्मसात करावा असा हा सर्वांत उपयुक्त भेद आहे. एका स्त्रीच्या नावावर अडीचशे वर्षे एक अक्षर चिकटून राहिले आहे, आणि आपण परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत ते अक्षर पुन्हा गिरवतो. भाषेने दिलेला निकाल हा इतिहासाने दिलेला निकाल नसतो.

भाषेची स्मृती घटनेच्या मोठेपणाप्रमाणे चालत नाही, हेही येथे नमूद करावे. लाल महालावरील छाप्यानंतर मोगलांना चकवल्याच्या कथेतून 'कात्रजचा घाट दाखवणे' हा वाक्प्रचार रूढ झाला. खालापूर तालुक्यातल्या उंबरखिंडीत फेब्रुवारी १६६१ मध्ये करतलबखानाची संपूर्ण फौज शिवाजी महाराजांनी कोंडीत पकडली; गनिमी काव्याचा तो कदाचित अधिक पूर्ण विजय. पण 'उंबरखिंड दाखवणे' असे कोणी म्हणत नाही. पुण्याजवळच्या घाटाला वाक्प्रचार मिळाला, आमच्या खिंडीला विजयस्तंभ.

संशयाचा फायदा

इंग्रजी अमदानीत विश्वास-संशयाच्या मराठीत आणखी एक थर चढला. 'संशयाचा फायदा' हा कोर्टातून आलेला शब्दशः अनुवाद आता इतका मुरला आहे की त्याचे परकेपण जाणवत नाही. 'फायदा' या शब्दाने त्याला किंचित बाजारी छटा मात्र दिली. आरोपीला संशयाचा 'फायदा' मिळाला म्हटले की ऐकणाऱ्याला वाटते, त्याने काहीतरी लाटले. मूळ तत्त्व आहे ते असे की, पुरावा अपुरा असताना माणसाला दोषी धरू नये. शब्दाच्या छटेने तत्त्व कसे झाकोळते याचे हे उदाहरण.

युरोपचा संपर्क याहून जुना आणि अधिक सर्जनशील होता, याचाही विसर पडू नये. गोव्यात १६१६ मध्ये छापल्या गेलेल्या 'ख्रिस्तपुराणा'त फादर स्टीफन्स यांच्यापुढे ख्रिस्ती श्रद्धेसाठी मराठी शब्द कोणता, हा प्रश्न होता. त्यांनी वारकरी-भागवत परंपरेला ओळखीचा असलेला 'भावार्थ' उचलला, आणि श्रद्धावंतांना 'भावार्थी' म्हटले. एकनाथांच्या रामायणाच्या नावातला शब्द असा ख्रिस्तपुराणात गेला. एकोणिसाव्या शतकातील मराठी बायबलने मात्र 'विश्वास' हा शब्द पत्करला. पहिला शब्द मनाच्या आर्द्रतेकडे झुकतो, दुसरा दिलेल्या शब्दावर टेकण्याकडे. धर्म एकच राहिला तरी मराठीतला त्याचा स्वर दोन शतकांत बदलला.

आपल्या काळात या शब्दकुळातला सर्वांत जळजळीत शब्द 'अंधश्रद्धा' ठरला. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची स्थापना केली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्यानंतर प्रथम अध्यादेश निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये कायदा संमत झाला. त्या कायद्याचे लांबलचक नाव वाचून पाहावे : त्यात नरबळी आहे, अमानुष, अनिष्ट आणि अघोरी प्रथा आहेत, जादूटोणा आहे, 'अंधश्रद्धा' हा शब्द नाही. ज्या शब्दासाठी एका माणसाने आयुष्य वेचले तो शब्द कायद्याच्या नावात येऊ शकला नाही. श्रद्धा कुठे संपते आणि अंधश्रद्धा कुठे सुरू होते, याची व्याख्या करण्यावरून वर्षानुवर्षे वाद झाला; शेवटी कायद्याने मनातल्या श्रद्धेला हात न लावता हातून घडणाऱ्या कृतींची यादी केली. भाषेच्या अभ्यासकाला यात एक शहाणपण दिसावे. 'श्रद्धा' हा शब्द अंतःकरणाकडे बोट दाखवतो, आणि अंतःकरणाचा पंचनामा करता येत नाही. करता येतो तो वर्तनाचा.

विश्वास पानिपतात गेला, असे म्हणणारा समाज अडीचशे वर्षे व्यवहार मात्र विश्वासावरच करत आला आहे. ज्या दुकानदाराच्या तोंडी हे वाक्य असते त्याच्या वहीत उधारीची पाने भरलेली असतात. त्यामुळे या वाक्याला निराशेचा दाखला मानण्यापेक्षा सावधपणाचा रिवाज मानणे अधिक योग्य होईल : आधी शंका काढायची, मग कौल द्यायचा. न्यायदर्शनाने संशयाला प्रमाण-प्रमेयांच्या पंक्तीला बसवले ते याच क्रमासाठी. वर्गात पुढच्या वेळी एखादा विद्यार्थी वाक्प्रचाराची रंगतदार जन्मकथा घेऊन आला तर त्याला थांबवू नये; कथा पुरती सांगू द्यावी, आणि मग ती तीन खान्यांपैकी कोणत्या खान्यात ठेवायची ते त्यालाच विचारावे.